टाकीमागची जागा

पोळ्याच्या दिवशी सकाळी विमलने दाराच्या दोन्ही बाजूंना पळसाच्या डहाळ्या टेकवल्या आणि मला हाक मारली. "सरळ हायेत का, पाहा बरं जरा." मी पाहिलं. मला त्या सरळही वाटल्या आणि कललेल्याही. "सांगा न," ती म्हणाली. मी म्हटलं, "दोन्ही दिसून राहिलं मले." तिने कपाळावर हात मारला आणि आत निघून गेली.

हल्ली माझं असंच होतं. वयाला बोल लावावा, तर उमरेडच्या घरातला हातमाग मला अजून धोट्याच्या आवाजासकट आठवतो. वडील पोळ्याच्या दिवशी तो माग बंद ठेवत. शेती नव्हती, बैल नव्हता, तरी बंद. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही पोरं दारोदारच्या डहाळ्या उचलून गावाबाहेर न्यायचो, ओरडत. खोकला घेऊन जा गे मारबत, खरूज घेऊन जा गे मारबत. घरातलं जे नको असेल ते त्या डहाळीला चिकटतं आणि तिच्याबरोबर जातं, असं मला खरंच वाटायचं. डहाळी टाकून परत येताना मागे वळून बघायचं नाही, असा नियम होता. तो कोणी केला होता कोण जाणे. मी मात्र दरवेळी वळून बघायचो.

तर डहाळ्या सरळ की वाकड्या हे ठरायच्या आत सोहम आला. समोरच्या मधुकरचा नातू. आता आवाज फुटायला लागलाय त्याचा. हातात पुठ्ठा आणि लाल रंगाची डबी. "आबा, बडग्याची पाटी लिहून द्या न."

नागपूरबाहेरच्यांसाठी सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इकडे मारबतीची मिरवणूक निघते. मोठ्या मारबती, म्हणजे बाईच्या रूपातले उंच पुतळे, जुन्या शहरातून वाजतगाजत जातात आणि त्यांच्यासोबत बडगे, म्हणजे कागदाचे, चिंध्यांचे पुतळे. वर्षभर ज्याचा राग आला त्याचा बडग्या करायचा, गळ्यात पाटी अडकवायची, रस्त्यातून फिरवायचा आणि शेवटी जाळायचा. गल्लीतली पोरंही त्यांचा लहानसा बडग्या करतात. आमच्या गल्लीच्या बडग्याची पाटी कित्येक वर्षं मीच लिहितो. मी शाळेत कारकून होतो. फळ्यावरच्या सूचना, संमेलनाचे फलक, निरोप समारंभाची मानपत्रं, सगळं माझ्या हातचं. मुख्याध्यापक बदलत गेले, मजकूर बदलत गेला, अक्षर तेच राहिलं. कोणी कौतुक केलं की मी म्हणायचो, "मजकूर तुमचा, अक्षर माझं." हे वाक्य मला फार आवडायचं. त्यात नम्रता होती आणि शिवाय सोय होती.

सोहम उकिडवा बसून पुठ्ठा पुसत होता. अर्ध्या पँटीखाली त्याच्या पोटरीवर दातांची जुनी खूण दिसत होती, फिकट झालेली. मी विचारलं, "मजकूर काय रे?" आणि माझाच आवाज मला परका वाटला. कारण एका पोळ्याला हे विचारायचं राहून गेलं होतं. म्हणजे विचारलं होतं, पण लिहून झाल्यावर. की आधीच?

तेच तर नीट लावायला बसलोय.

वैजयंती आमच्या घरी आली ती त्या पोळ्याच्या वर्षी, मार्चमध्ये. गडहिंग्लजकडची. कुत्र्यामांजरांसाठी काम करणाऱ्या इथल्या एका संस्थेत वर्षभर स्वयंसेवक म्हणून राहणार होती. आमची वरची खोली रिकामी होती, लेक पुण्याला, लेकीचं सासर रायपूरला. न्हाणीघर खाली, स्वयंपाकघर एकच. विमलने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "वर श्टोव्ह-बिव्ह नको लावू वं पोरी. खालीच बनव काय बनवायचं ते." अशी ती भाडेकरू झाली, आणि आठवडाभरात वैजू झाली.

तिला हे शहर कळायला वेळ लागला. "तुमच्याकडं सूर्य लवकर बुडतो ओ काका," ती एकदा म्हणाली. मला वाटलं, घरची आठवण येत असेल. पण तिने मोबाइलवर दाखवलं, खरंच आमच्याकडे सूर्य तिच्या गावाच्या आधी मावळतो. इतक्या वर्षांत मला ठाऊक नव्हतं. गांधीबागेच्या कापडबाजारात जखमा बांधायला स्वस्त कापड आणायला गेली आणि बोळांत अशी हरवली की शेवटी एका कापडवाल्याने तिला आपल्या नोकरासोबत मोठ्या रस्त्यापर्यंत पाठवलं. परत आली ती घामाने निथळत, पण कापड आणलं होतं. विमलने पाण्याचा तांब्या पुढे केला. "आमच्यासारखं घालून-पाडून बोलत न्हाईत ओ इथली माणसं," वैजू म्हणाली. "पण 'काहून आली, काहून आली' विचारून बेजार करत्यात."

तिखटावरून त्या दोघींचं जे चाललं ते मी जन्मभर विसरणार नाही. वैजू म्हणे, तिखट खावं तर आमच्याकडं. विमल कोष्ट्याची लेक, तिचा सावजी मसाला तिच्या आजीपासून चालत आलेला, काळा, खसखस आणि दगडफुलाच्या वासाचा. तिने एक शब्द न बोलता पाटोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा वाढला. वैजूने दोन घास खाल्ले, तिसऱ्याला थांबली. डोळ्यांत पाणी, नाक लाल. "कसं हाय?" विमलने विचारलं. "बरं हाय की," ती म्हणाली आणि भाताकडे हात नेला. विमल पदरात तोंड लपवून हसत होती. त्या दिवसापासून रश्श्यातलं तिचं वाटीभर वेगळं निघायचं, गूळ घालून. मी गुळाला नावं ठेवायचो आणि ती वाटी पुसून खायचो.

सकाळी ती चपला हातात घेऊन जिना उतरायची, आमची झोपमोड नको म्हणून. जिन्याचं खालचं दार करकरायचं ते करकरायचंच. मग ज्वारीच्या भाकरी थापायची, स्वतःसाठी दोन आणि कुत्र्यांसाठी टोपलीभर. आमच्याकडे श्रावण कवितेतल्यासारखा नसतो. पाऊस थांबला की अंगाला चिकटणारा उकाडा. कूलर लावावा तर हवा आणखी ओली होते, म्हणून तो बोळीत रिकामा उभा असतो. वैजूने त्याच्या पोटात आपला संसार मांडला होता. दोऱ्या, जाळी, हातमोजे, मलमाच्या नळ्या. कोणी पाहुणा आला आणि कौतुकाने कूलरचं झाकण उघडायला गेला की विमल ओरडायची, "त्याले हात नका लावू, तो पोरीचा दवाखाना हाय." संध्याकाळी ती जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून आईशी फोनवर बोलायची. सगळं बरं आहे, जेवते, झोपते. फोन ठेवल्यावर मात्र थोडा वेळ तिथेच बसून राहायची, आणि तेव्हा विमल मुद्दाम तिला काहीतरी काम सांगायची. लसूण सोल, म्हणायची.

मी कुत्र्यांच्या बाजूचा नव्हतो. विरोधातही नव्हतो. गल्लीत मधुकर कुरकुरला की मी मान हलवायचो. घरात वैजू तिची बाजू सांगायची, तेव्हाही मान हलवायचो. दोघांचंही पटायचं. अजूनही पटतं, हीच अडचण आहे.

गल्लीच्या टोकाला सिमेंटची जुनी पाण्याची टाकी आहे, वापरात नसलेली. तिच्या मागे रिकामा प्लॉट. वैजूने ती जागा ठरवली. रोज सकाळ-संध्याकाळ, ठरल्या वेळी, तिथेच भाकरी घालायची. कोणाच्या दारात नाही, पोरं खेळतात तिथे नाही. कुत्री खाऊन होईपर्यंत तिथेच उभं राहायचं, उरलंसुरलं उचलायचं, मगच निघायचं. आणि हाडं कधीच नाही. "भाकरी वाटून खात्यात ओ," ती सांगायची. "हाडावर मालकी सांगत्यात. मग कोण जवळ आलं तर धरत्यात." हे तिला संस्थेत शिकवलं होतं. ती स्वतः दोनदा चावून घेतल्यावर शिकली, असंही हसत सांगायची. तिच्या सांगण्यावरून मी एक पाटी लिहून दिली. पत्र्यावर, लाल रंगात. 'कुत्र्यांना येथेच खाऊ घालावे.' तिने ती टाकीला तारेने बांधली आणि फोटो काढून आईला पाठवला.

गल्लीतल्या कुत्र्यांत एक भुरी होती. रोडावलेली, कान फाटलेली, त्या पावसाळ्यात व्यालेली. आमच्या फाटकाजवळच्या कट्ट्याखाली तिने पिलं घातली. वैजू तिला तिथून हलवायचा विचार करत होती, पण पिलांचे डोळे उघडू देत, म्हणाली. मी भुरीला वैजूदेखत हड् म्हणायचो. एरवी नाही म्हणायचो.

आखाडीचा दिवस. आषाढातलं शेवटचं मटण, पुढे श्रावणभर नाही. वैजू पारशिवनीकडे एका खेड्यात लसीकरणाच्या शिबिराला गेली होती. बाहेर बुरबूर पाऊस. जेवण झालं, ताटातली हाडं कागदावर काढली, मी हात धुतले. टाकीपर्यंत जायचं होतं, निदान मनात तरी तसंच होतं. पण गुडघा दुखत होता, रस्ता चिखलाचा, आणि कट्ट्याखालून भुरी माझ्याकडे बघत होती. पिलं तिच्या अंगाला लुचत होती. मला वाटलं, बाळंतीण आहे. आपण बाळंतिणीला डिंकाचे लाडू करतो. मी हाडं कागदासकट तिथेच कट्ट्याखाली कोरड्या जागी ठेवली. यात माझा काही वाईट हेतू होता का? शोधून पाहिला, सापडत नाही.

थोड्या वेळाने सोहम आला. तेव्हा तो पहिलीत होता. सकाळी विमलने त्यांच्याकडे रस्सा पाठवला होता, तो डबा परत करायला. रिकामा डबा परत करायचा नाही, म्हणून त्याच्या आजीने खीर भरून दिली होती. दोन्ही हातांत डबा, म्हणून त्याने पायाने फाटक लोटलं आणि कडी लावता यावी म्हणून डबा पायरीवर टेकवायला वाकला. तिथेच हाडं होती. तिथेच भुरी.

किंकाळी ऐकून मी धावलो. डबा पालथा, खीर पायरीवरून ओघळत होती. सोहम खाली बसलेला, पोटरी धरून. भुरी मागे सरकून गुरगुरत होती. मी हाडं उचलली आणि नालीत फेकली. मी सोहमला उचललं.

ही दोन वाक्यं मी इतकी वर्षं उलटसुलट करून पाहतोय. आधी पोर उचललं, मग हाडं? की आधी हाडं? कधी मला पोराचं वजन आधी आठवतं. कधी हाडांचा ओलसर गुळगुळीतपणा. मन आपल्याला हवं ते पुढे करतं आणि नको ते मागे ढकलतं. मी शाळेत इतक्या हजेऱ्या मांडल्या, क्रम हा माझ्या हातचा मळ. या एका क्रमाचं मात्र मला काही सांगता येत नव्हतं.

मधुकर आला, रिक्षा आली, दवाखाना झाला, इंजेक्शनं झाली. वैजू सांजेला परतली, चिखलाने भरलेली, आणि फाटकातच विमलने तिला सांगितलं. ती तशीच मधुकरच्या घरी गेली. दुसऱ्या दिवशी भुरीला आणि पिलांना संस्थेच्या आवारात हलवलं, कारण चावलेल्या कुत्र्यावर काही दिवस नजर ठेवावी लागते, ते ठीक राहिलं तर पोरालाही धोका नाही. वैजू रोज तिथे जाऊन यायची आणि थेट मधुकरच्या दारात उभी राहायची. "भुरीनं आज खाल्लं." एवढंच सांगायची. आत कोणी बोलवत नसे.

गल्लीची बैठक मधुकरच्या ओसरीवर झाली. सगळ्यांचं म्हणणं एकच, हिने लळा लावला, म्हणून हे झालं. त्यात खोटं काय होतं? लळा लावलाच होता. कोणी म्हणालं, "बापूराव, घरमालक तुम्ही हाय. तुम्ही बोला न." मी बोललो. काय बोललो? "पोरीले समजावून सांगतो मी." वैजू खांबाला टेकून उभी होती. ती म्हणाली, "चूक झाली. लक्ष ठेवायला पायजे होतं मी." ती त्या दिवशी गावात नव्हती, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मी तिच्याकडे पाहिलं की नाही, आठवत नाही.

पुढे श्रावण गेला. घरात सगळं तसंच होतं आणि नव्हतंही. भाकरी थापायचा आवाज यायचा. गुळाची वाटी निघायची. विमल मला काही विचारायची नाही, आणि ती विचारत नाही याचा मला आधारही वाटायचा आणि धाकही.

पोळ्याच्या दिवशी मधुकर स्वतः पुठ्ठा घेऊन आला. पोरांनी नाही, त्याने आणला. सुपारी-तंबाखूचा खर्रा चघळत म्हणाला, "लिही." मी ब्रश घेतला. तो एकेक शब्द सांगत गेला, मी एकेक अक्षर काढत गेलो. 'गल्लीत कुत्रे पोसणारीले घेऊन जा गे मारबत.' त्याने सगळं एका दमात सांगितलं असतं, तर मी काय केलं असतं? तो तुकड्यातुकड्याने सांगत होता, मधे थांबत होता. 'गल्लीत' झालं, थांबला. 'कुत्रे' झालं, थांबला. मी म्हणालो, "पुढे?" माझं लक्ष उकाराच्या गोलाईत होतं. हे मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैजू लवकर आवरून फाटकात उभी होती. तिला मारबत बघायची फार हौस. उन्हाळ्यापासून विचारत होती, कधी असते, किती मोठी असते. गल्लीतल्या पोरांचा बडग्या ढोल वाजवत आमच्या दारावरून निघाला. पेपराचं डोकं, कुत्र्याचे कान, गळ्यात जुनी ओढणी. फोटो घ्यायला तिने मोबाइल वर केला. मग पाटी वाचली. मग मोबाइल खाली घेतला. या पाटीवरच्या 'कुत्रे'तला 'कु' आणि टाकीवरच्या 'कुत्र्यांना'मधला 'कु' यांत काही फरक नव्हता. तोच रंग, तोच उकार, तोच हात. पोरं ओळखीची, तिला पाहून थोडी गडबडली. ती हसली आणि त्यांना वाट द्यायला मागे सरली. संध्याकाळी तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन पोरं दारोदार फिरतात, त्यांना बोजारा म्हणून काहीतरी खाऊ किंवा पैसे द्यायचे असतात. तिने आधीच गोळ्यांच्या पुड्या बांधून ठेवल्या होत्या. त्या तिने वाटल्या. अजून पाय बांधलेला सोहम आजीच्या कडेवर होता, त्याच्या बैलालाही हार घातला.

गणपतीच्या आधी ती गेली. वर्ष पुरं व्हायला बराच अवकाश होता. पाया पडली, विमलच्या गळ्यात पडली. मला म्हणाली, "येते काका." कूलर रिकामा करून पुसून ठेवला होता. गल्ली म्हणते, संस्थेने तिला हाकललं. कोणी म्हणतं, घाबरून पळाली. हे लिहून ठेवतो, यातलं काहीच खरं नाही. ती का गेली हे मी पाहिलं, फाटकात, मोबाइल खाली येताना.

ती गेल्यावर भाकरी मी घालू लागलो. टाकीमागे. गल्लीत कोणी काही बोललं नाही. मला वाटलं, म्हाताऱ्याचा छंद म्हणून सोडून देतात.

तर यंदा सोहम समोर बसलेला. "मजकूर काय रे?" "डास, आबा. आणि रस्त्यावरचे खड्डे." मी लिहिलं. तो नाचत गेला. मी रंगाचे हात तसेच ठेवून मधुकरच्या ओसरीवर जाऊन बसलो. तो खर्रा घोटत होता. मी म्हटलं, "मधू, एक सांगायचं हाय. सोहमले भुरी चावली न, ती हाडं म्या ठेवली होती."

त्याने वर पाहिलं नाही. "माहीत हाय गा मले."

"काय माहीत हाय?"

"तेच. तवाच माहीत होतं. तू पोराले उचलून माह्याजवळ देल्लं न, त्याच्या शर्टाले काळा रस्सा लागला होता. पाच बोटं. सोहमच्या आजीनं किती घासला, तो डाग काही निघाला नाही. आता सांग, कोल्हापूरची पोरगी, ती कुठून आणणार होती सावजी?"

जेवून हात धुतले होते मी. मग रस्सा हाताला लागला कधी? पोराला उचलायच्या आधी. हाडं आधी, पोर नंतर. क्रम लागला. इतकी वर्षं जो मला लावता येत नव्हता, तो शेजाऱ्याच्या घरी एका शर्टावर उमटलेला होता, आणि त्या घरातल्या बाईने तो घासून पाहिला होता.

"मग बोलला काहून नाही?" मी विचारलं.

"तुह्या तोंडावर? एवढ्या वर्षांचा शेजार. अन् गल्लीत कोणाले माहीत नव्हतं, बापू? सगळेच जाणत होते." तो खर्रा गालात सारून म्हणाला, "ती तर जाणारच होती. आज ना उद्या."

"अन् पाटी? पाटी तू मलेच काहून सांगितली?"

तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "वाटलं होतं, आता तरी थांबशील. म्हणून थांबून थांबून सांगत होतो. तू म्हणे, 'पुढे?'"

ओसरीवरून उतरताना मला कळेना, मला राग आला आहे की हलकं वाटतंय. मी काहीतरी उघड करायला गेलो होतो, आणि ते सगळ्यांच्या घरात आधीच होतं. मला वाचवलं होतं त्यांनी. मी मागितलं नव्हतं, पण नाकारलंही नव्हतं. एका बाहेरच्या पोरीवर सगळ्या गल्लीने मिळून माझी हाडं ठेवली होती, आणि त्याला शेजारधर्म म्हणत होते. मधुकर वाईट माणूस नाही. माझ्या बायपासच्या वेळी दवाखान्यात तोच झोपायचा. हे दोन्ही एकाच माणसात कसं राहतं? आणि माझ्यात?

विमलला म्हटलं, "वैजूचा नंबर लाव." दिवाळीला तिचा फोन येतो, दोघी बोलतात, तेव्हा मी झाडाला पाणी घालायला जातो. विमलने माझ्याकडे पाहिलं, काही न विचारता फोन लावून माझ्या हातात दिला आणि तिथेच पाट घेऊन बसली. लसूण सोलत.

"काका? तुम्ही? सगळं बरं हाय न्हवं?" मागे भांड्यांचा आवाज, कुत्रं भुंकल्याचा आवाज.

"बरं हाय. वैजू, ऐक. फाटकाजवळची ती हाडं माही होती. अन् ती पाटीही."

कुत्रं भुंकायचं थांबलं होतं. मला वाटलं फोन कटला. "वैजू?"

"हं," ती म्हणाली. त्या 'हं'चा अर्थ मी तेव्हापासून लावतोय. माहीत आहे, असा असेल. झालं ते झालं, असा असेल. आता का सांगताय, असाही असेल. मग तिने विचारलं, "सोहमचा पाय?"

"बरा हाय. नाचते आता."

"कुत्र्यांना कोण घालतं?"

"मीच."

"कुठं?"

"टाकीमागं. भाकर. हाडं नाही."

"खाऊन होईपर्यंत उभं राहता का?"

मी खोटं बोलणार होतो. विमल समोर होती. "नाही गं. गुडघा... ठेवतो अन् येतो."

"तसं नका करू काका," ती म्हणाली. आवाज तोच, हाडं का घालायची नाहीत ते सांगतानाचा. "उभं राहावं लागतं. न्हाईतर उपयोग न्हाई." आणि मग, "काकूंना द्या."

दुसऱ्या दिवशी मारबत होती. सकाळी पोरं दाराच्या डहाळ्या घेऊन गेली. मी भाकरीची टोपली घेऊन टाकीमागे गेलो. पत्र्याच्या पाटीवरचा लाल रंग उडून गेलाय, तार गंजली आहे, पण वाचता येते. मी भाकरी मोडून ठेवल्या. कुत्री जमली. आता ओळखीची एकही नाही त्यांत. गल्लीतून ढोलाचा आवाज येऊ लागला, डासांचा बडग्या निघाला असावा. सोहम ओरडत होता, त्याचा फुटका आवाज सगळ्यांत वर. एरवी मी दारात उभा राहून बघतो, माझी अक्षरं किती दुरून वाचता येतात ते. ढोल टाकीच्या पुढून गेला, मोठ्या रस्त्याकडे वळला, लहान लहान होत गेला. गुडघा ठणकत होता. एक काळं कुत्रं फार सावकाश खात होतं, मधेच मान वर करून माझ्याकडे पाहायचं, मी जातोय का बघायला.

मी टाकीला हात टेकला आणि उभा राहिलो.